डावा पाय कमरेपर्यंत

आमची कंपनी तेव्हा उत्तरेत, डोंगरातल्या एका पोस्टवर होती. पोस्टजवळ साठ फुटांचा उभा कातळ होता. गस्त त्यावरून वर जायची, आणि आधी दोर बांधायचं काम आमच्या जोडीचं. एक जण कमरेला दोर बांधून, खिळे मारत चढतो. तो लीड. दुसरा खाली त्याचा दोर धरतो. मी आणि सलीम, दोघंही हुद्द्यानं नाईक. पाळी एक दिवसाआड बदलायची. सलीम टेंभुर्णीचा, मी माढ्याकडचा. दोघंच असलो की गावच्या बोलीत बोलायचो.

मी तालमीतला गडी. दंडात जोर भरपूर, पण खुबे गंजलेल्या बिजागरीसारखे. अख्खा कातळ मी हातांनी ओढत चढायचो आणि ओझं उचलल्यासारखा श्वास कोंडायचो. सलीम किडकिडीत. पीटी कोर्समध्ये योगासनं शिकून आला होता आणि पायांवर चढायचा.

"पैलवान," तो म्हणायचा, "दगड वढायचा नसतोय. त्याच्यावर पाय द्यायचा असतोय."

रोज १६३० ते १७०० तो मला बंकरमागं बसवायचा. मलासन, बद्धकोणासन, मग एका पायावर वृक्षासन. श्वास सोडायचा, मगच हात पुढं घालायचा. शेवटी भिंतीसमोर उभं राहून डावा पाय कमरेएवढ्या उंच दगडावर ठेवायचा आणि हात न लावता त्यावर उठायचं. माझा पाय गुडघ्याच्या वर जात नव्हता. खोटं कशाला बोलू, योगासनं म्हणजे पेन्शनरांचा उद्योग असं मला वाटायचं. आठ दिवस केलं, मग व्हॉलीबॉल खेळायला पळायला लागलो. उद्यापासून नक्की, असं रोज सांगायचो. तो नुसता हसायचा.

त्या दिवशी लीडची पाळी माझी होती. ०९४० ला चढायला लागलो. चाळीस फुटांवर दोन्ही हातांना पकड होती, पण पुढची पायरी डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर. पाय तिथवर जाईना. तीनदा प्रयत्न केला. हात भरून आले, बोटं आपोआप उघडायला लागली. खाली गस्त खोळंबली होती. वायरलेस सेटवर विचारणा झाली, गस्त वर कधी पोचते. सुभेदार साहेबांनी मला हाक मारली, "नीचे आ जा."

सलीमनं मला सावकाश खाली घेतलं. माझ्या कमरेची गाठ सोडत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मी जातो. तू दोर धर."

१०१० ला तो चढला. ती पायरी त्यानं एका दमात घेतली. मला कौतुक वाटलं आणि लाजही वाटली. तिच्या वर दहा फुटांवर त्यानं धरलेला दगडच निघाला. वरचा खिळा उपटला, खालचा टिकला. मी दोर धरला, सोडला नाही. पण तोवर त्याचं डोकं कातळावर आपटलं होतं. साहेब सेटवर एवढंच बोलले, "वन कॅज्युअल्टी. लीड." १०५५ ला सलीम गेला.

चौकशीत लिहिलं गेलं की दगड ठिसूळ होता, चूक कुणाची नाही. खरंच आहे ते. मी चढलो असतो तर तोच दगड माझ्या हातात निघाला असता.

आता मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. बायको पुण्याला मुलीकडे असते, नातवाला सांभाळायला. सोलापूरच्या खोलीत मी एकटाच. रोज ०५३० ला गच्चीवर जातो आणि त्यानं शिकवलेलं सगळं करतो. इथं चढायला कातळ कुठला? पाण्याच्या टाकीसमोर उभा राहतो. वर्षं गेली. गेल्या महिन्यात डावा पाय टाकीच्या कमरेएवढ्या कठड्यावर गेला आणि श्वास सोडत, हात न लावता मी उभा राहिलो. सांगायला मागं वळलो. गच्चीवर दुसऱ्यांचे वाळत घातलेले कपडे होते. लई एकटं वाटलं. तिथंच बसून रडलो.

त्या रविवारी टेंभुर्णीला गेलो. सलीमच्या आईकडे मी वर्षातून दोनदा जातो. मी तिला अम्मीच म्हणतो. ती जेवू घालते, सलीमच्या लहानपणीचं सांगते. त्या दिवसाबद्दल तिनं कधी विचारलं नव्हतं आणि माझी जीभ कधी रेटली नव्हती. या वेळी सांगून टाकलं. पाळी माझी होती अम्मी, माझा पाय वर गेला नाही, म्हणून तो गेला.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "आदल्या दिशी फोन केलता त्यानं. म्हणला, उद्या वर पैलवान जाणार हाय, मी खालीच हाय, काळजी करू नको."

म्हणजे मी पहिल्यांदा तिच्या दारात उभा राहिलो तेव्हाही तिला माहीत होतं. मी विचारलं, मग इतकी वर्षं एका शब्दानं बोलली का नाहीस.

तिनं सूप खाली ठेवलं.

"इचारलं असतं तर तू यायचा थांबला असतास की. मग माझ्यासंगं सलीमचं नाव कुणी काढलं असतं?"