बटणवाले ‘हो’ म्हणाले

ब्लूस्टेमच्या नगरपरिषदेत मी कारकून आहे, आणि तीन मिनिटांची घंटी माझ्या हातात असते. सभेत कुणीही उठून बोलावं. तीन मिनिटं झाली की मी घंटी दाबते, मग समोर पाद्री असो नाहीतर पोलीसप्रमुख. या घंटीपायी गावात माझे मित्र फारसे उरलेले नाहीत.

ॲग्नेस झेलेनीबाई त्या मोजक्यांतल्या. हायवेवर त्यांचं बावीस खोल्यांचं मोटेल. नवरा गेल्यापासून चादरी बदलण्यापासून तुंबलेलं मोरीचं पाणी काढण्यापर्यंत सगळं त्याच बघतात. पाहुण्यांकडून घेतलेल्या हॉटेल कराचा चेक दर महिन्याच्या वीस तारखेला स्वतः आणून देतात, सोबत खसखस भरलेले दोन गोड पाव. टपालाने पाठवा म्हटलं तर म्हणतात, “मग तू काय खाशील?”

बाई भलत्या चौकस. नळ दुरुस्त करायला आलेल्याला त्याचं आजोळ विचारल्याशिवाय सोडणार नाहीत.

गावाचं अधिवेशन भवन ओस पडलेलं. नेमलेल्या सल्लागारांनी अहवाल दिला, शेजारी तीनशे खोल्यांचं हॉटेल बांधा, माणसं आपोआप येतील. नगरपरिषदेने कर्ज काढायचं आणि तीस वर्षं हॉटेल करातून फेडायचं.

“म्हणजे माझ्या पाहुण्यांच्या पैशातून माझेच पाहुणे पळवणारं हॉटेल?” बाईंनी विचारलं.

“तसंच काहीसं.”

“गंमतच आहे. तो अहवाल दे बघू वाचायला.”

मी असते तर आकांडतांडव केलं असतं. बाईंनी अहवाल वाचला. शेवटी यादी होती, अधिवेशनाला येऊ म्हणणाऱ्या चौदा संस्थांची. त्यांनी चौदाही ठिकाणी फोन लावले. मधमाशीवाल्यांनी दुसरीकडे पाच वर्षांचा करार केलेला. एक गायकवृंद मोडलेला. जुनी बटणं जमवणाऱ्यांचा अध्यक्ष वेंडेल थ्रश तर म्हणाला, “बाई, आम्ही सगळे मिळून चाळीस. त्यांनी विचारलं, हॉटेल झालं तर याल का? म्हटलं, येऊ की. माणसाला उगाच नाही कशाला म्हणायचं?”

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणं असभ्य समजतात. सल्लागार परगावचे, त्यांनी आमची सभ्यता खोल्यांच्या हिशोबात धरली होती.

सभेत बाई यादी वाचू लागल्या. बटणांवर जरा रेंगाळल्या, आणि नववी संस्था चालू असताना तीन मिनिटं झाली. मी घंटी दाबली. पाच विरुद्ध दोन मतांनी हॉटेल मंजूर झालं.

बाहेर मी माफी मागितली. “घंटी वेळेवर वाजली गं,” बाई म्हणाल्या. “शिंपल्याची बटणं कशी कापतात ते मला सांगायचंच होतं.” मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला.

हॉटेल उभं राहिलं. भवन तसंच ओस, पण खोल्या भरण्यासाठी दर पाडल्याने हायवेचे प्रवासी तिथे स्वस्तात उतरू लागले. त्या हिवाळ्यात बाईंनी दहा खोल्यांना कुलूप घातलं आणि मोटेल विकायची जाहिरात लिहून घ्यायला माझ्याकडे आल्या. मी लिहून दिली. ती त्यांनी पर्समध्ये ठेवली.

मे महिन्यात मोटेलपुढे गाड्यांची रांग दिसली म्हणून मी थांबले. बावीसही खोल्यांचे पडदे उघडे. एक म्हातारा झाकणाच्या पेटीतली बटणं उन्हात मांडत होता. तोच वेंडेल. बाई आणि तो दर रविवारी फोनवर बोलत होते म्हणे.

“मोठ्या हॉटेलात नाही उतरलात?” मी विचारलं.

“त्यांनी बोलावलं होतं. पण ॲग्नेसने आधी विचारलं. तिला नाही कसं म्हणणार?”

वीस तारखेला बाई आल्या. चेक नेहमीच्या दुप्पट, पाव चार.

“घे, तुमच्या हॉटेलच्या हप्त्याला बटणवाल्यांचा हातभार,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षीही येतायत.”

मी विचारलं, “खरंच येणार, की आपलं हो म्हणाले?”

बाईंनी पर्समधून ती जाहिरात काढली आणि माझ्या टेबलाखालच्या टोपलीत टाकली.

“आगाऊ पैसे घेतलेत,” त्या म्हणाल्या.