साहेबाचं ‘बघू’

मी एका लॉर्डाच्या मुलाला मराठी शिकवली, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. पुष्कळांना ती थाप वाटते. वाटो.

साहेब लाटसाहेबाचा, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचा, खाजगी चिटणीस होता. लाटसाहेब फाल्गुनात आमच्या किनाऱ्यावर यायचा होता. त्याची बडदास्त नीट ठेवली जावी म्हणून हा आधीच येऊन मांडवी बंदराजवळच्या बंगल्यात उतरला. मी तेव्हा रत्नागिरीच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. साहेबाला रोज मराठी शिकवा, असं कचेरीतून बोलावणं आलं. माझं इंग्रजी जिल्ह्यात नावाजलेलं, तेव्हा बोलावणं दुसऱ्या कोणाला जाईल असं मला वाटलंच नव्हतं.

माणूस सरळ होता. चहा ओतताना आधी माझा पेला भरायचा. एकदा त्याने घरची हकीकत सांगितली. बापाचा वाडा, जमीन, किताब, सगळं थोरल्या भावाचं. धाकट्याच्या वाट्याला चांगले संस्कार आणि मिळाली तर नोकरी.

“आणि तुम्ही कोर्टात नाही गेलात?” मी विचारलं. आमच्याकडे बांधावरच्या एका फणसासाठी चुलतभाऊ जन्मभर भांडतात. साहेब इतका हसला की चहा बशीत सांडला. त्याची सगळी भिस्त त्या नोकरीवर होती. दौरा सुरळीत पार पडला तर लाटसाहेब वरच्या जागेसाठी शिफारस करणार होता, हे त्याने माझ्यापासून लपवून ठेवलं नाही.

एके दिवशी मी त्याला ‘बघू’ शिकवलं. म्हटलं, “साहेब, आम्ही तोंडावर नाही म्हणत नाही. मुलीच्या बापाला स्थळ पसंत नसलं की तो ‘बघू’ म्हणतो. हे ऐकलं की शहाण्याने वहाणा पायात घालाव्यात.”

साहेबाने पेन्सिल खाली ठेवली. “मास्तर, माझी सगळी नोकरी म्हणजे हा एक शब्द आहे,” तो म्हणाला. “मला मात्र त्यासाठी चार वाक्यं लागतात.”

त्या दिवसापासून त्याला दुसरा शब्द सुचेना. खानसामा, मामलेदार, आंब्याची पेटी घेऊन आलेला बागायतदार, सगळ्यांना ‘बघू’.

मग आम्ही पूर्णगडला गेलो. लाटसाहेबाची छावणी किल्ल्याखालच्या सपाटीवर पडायची होती. मामलेदारांनी खांबसुद्धा आणून ठेवले होते. पण गावच्या बाया त्याच सपाटीवर मासळी सुकवत. वास मरायला हवा म्हणून ती जागा त्याच आठवड्यात रिकामी करून धुऊन काढण्याचा हुकूम सुटला होता.

आम्ही उतरलो तेव्हा एक बाई वाट अडवूनच उभी होती. तिच्या मालकीच्या दोन होड्या, आणि जिभेला हाड नाही. सगळं गाव तिला मावशी म्हणे.

“सायबा, जागा सोडायला सांगतायत. आमी मासली सुकवायची खंय?” तिने विचारलं.

“बघू,” साहेब म्हणाला. उच्चार इतका सुरेख की कोणीही त्याला ब्राह्मण आळीतला समजावं. मला पहिल्यांदाच माझ्या विद्यार्थ्याचा अभिमान वाटला नाही. मी मान फिरवली.

मावशीने मात्र फिरवली नाही. “बगू म्हनलास ना? मग चल, बग.”

आणि ती चालायला लागली. साहेबाने माझ्याकडे पाहिलं.

“व्याकरणाने ती बरोबर आहे, साहेब,” मी म्हटलं. माझा नाइलाज होता.

तिने त्याला सगळी सपाटी फिरवली. काठ्यांवर बांगडे लटकत होते, चटयांवर सुकट पसरली होती. मग तिने त्याला स्वतःच्या पडवीत नेलं आणि पालथे घातलेले रांजण एकेक करून उलटून दाखवले. सगळे रिकामे.

“पावसात होडी भायेर पडत नाय. तवा ह्यात भरलेली सुकी मासलीच खातांव,” ती म्हणाली. “तुज्या लाटसायबाचा मुक्काम दोन रातींचा. आमचा पावसाला चार म्हयन्यांचा.”

साहेब बराच वेळ त्या रांजणांकडे बघत राहिला. इतक्यात मामलेदार घाम पुसत आले. “साहेब, खांब पुरायला सुरुवात कुठून करायची?”

आता कोणता शब्द येणार हे मला पाठ होतं.

“इथे नाही,” साहेब म्हणाला.

मामलेदारांना वाटलं, परका माणूस, बोलण्यात चुकला असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबाने पुन्हा सांगितलं, “इथे नाही. वर सड्यावर.” इतका आनंद मला परीक्षेत पहिला आलेल्या पोराचाही कधी झाला नव्हता.

छावणी वर सड्याच्या उघड्या कातळावर पडली. तिथे सावलीला झुडूपही नाही आणि वारा असा की तंबूचे दोर आवरेनात. लाटसाहेबाला दोन्ही रात्री झोप लागली नाही. सकाळी साहेबाला सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली. ती मी जवळून ऐकली. खाली सपाटीवर मासळी वाळत होती.

परत जाण्याआधी साहेब माझा निरोप घ्यायला शाळेत आला. मला राहवलं नाही. विचारलं, “साहेब, आता ती वरची जागा मिळणार ना?”

तो हसला. “बघू,” म्हणाला.

मी खाली वाकून वहाणा पायात घातल्या आणि त्याला बंदरापर्यंत पोचवायला निघालो.