दुसऱ्याचा निघालेला ठसा

"ऑटोइम्यून एन्सेफलायटिस," डॉक्टर म्हणाल्या आणि माझा चेहरा बघून त्यांनी लगेच सोपं करून सांगितलं. शरीराची राखण करणारी शक्तीच उलटते आणि स्वतःच्या मेंदूवर हल्ला करते. औषध आहे, पण वेळ लागेल.

माझे मिस्टर उमरेडच्या शाळेत भूगोल शिकवतात. आम्ही राहतो शहरात, नंदनवन भागात. आधी आठ-दहा दिवस हे वर्गातल्या मुलांची नावं चुकत होते. मग एका दुपारी शाळेतच फिट आली.

मणक्यातून पाणी काढून तपासलं. इंजेक्शनं सुरू झाली. मी आयसीयूबाहेरच्या बाकावर दिवस काढले. बाविसाव्या दिवशी हे घरी आले. हातपाय धड, बोलणं स्वच्छ. नशीब काढलं, असं सगळे म्हणाले.

दोन दिवसांनी मी चहा दिला तेव्हा हे म्हणाले, "बाई, तुमी काहून एवढं करून राहिल्या? तुमचा नवरा आला का मी जातो."

मी म्हटलं, "अहो, तुमीच माझे मिस्टर."

"त्याचं सारं मले माहीत आहे," हे शांतपणे म्हणाले. "लग्नाची तारीख, कपाटाची चावी, सारं. पण मी तो नाही."

त्या शांतपणाचीच मला भीती वाटायची.

आजाराच्या दोन वर्षं आधी यांनी त्याच हॉस्पिटलच्या एका अभ्यासात हौसेनं नाव दिलं होतं. फंक्शनल एमआरआय म्हणतात त्याला. मशीनमध्ये निवांत पडायचं. मेंदूचा कोणता भाग कोणाशी बोलतो, त्याची नक्षी मिळते. अंगठ्याच्या ठशासारखी ती ज्याची त्याची असते. कागदावरचं नाव झाकलं तरी पुढच्या स्कॅनवरून माणूस ओळखता येतो. यांच्या दुसऱ्या स्कॅनची वेळ आलीच होती. तेच यांना पटवेल, अशा मोठ्या आशेनं मी यांना घेऊन गेले.

डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. "संगणकानं यांच्या नव्या स्कॅनशी सगळ्यांचे जुने स्कॅन ताडून सर्वांत जवळचा निवडला. तो यांचा नाही. दुसऱ्या कोणाचा तरी आहे."

मी दाराच्या काचेतून बाहेर बसलेल्या यांच्याकडे बघितलं.

"आजारात नक्षी विस्कटते," त्या म्हणाल्या. "माणूस बदलला, असा अर्थ काढू नका."

मी मान हलवली. पण ऑटोत यांच्यापासून वीतभर सरकून बसले. याची मला आजही लाज वाटते. निकाल सांगितला तर हेच मला समजावू लागले. "मी म्हटलं होतं ना, बाई. रडू नका."

त्यानंतर दर महिन्याला तपासणीला जायचो. तिथे बसलेल्या प्रत्येक माणसाकडे मी निरखून बघायची. जवळचा निघालेला तो कोण असेल? एकदा समोरचा एक अनोळखी गृहस्थ शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होता, अगदी हे पुसायचे तसा. त्याचा नंबर लागून तो आत जाईपर्यंत मी बघत राहिले.

वर्षभरानं पुन्हा स्कॅन झाला. या वेळी डॉक्टर हसत बाहेर आल्या. यांचाच जुना स्कॅन निवडला गेला होता.

मी यांना सांगितलं. यांनी रिपोर्ट हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "मंग इतके दिवस तो होता कुठं?"



तुमच्या घरी असं माणूस परत आलं असेल तर एकच सांगते. "आठवतं का?" असं विचारून त्याची परीक्षा घेऊ नका. मी ते फार केलं, आणि यांना फार थकवलं. आता हे पुन्हा शाळेत शिकवायला जातात, आणि आम्ही एकमेकांना आजचं सांगतो. शाळेत काय झालं, भाजी कोणती आणली. ज्या डॉक्टरांनी यांचा जीव वाचवला आणि मला खोटा धीर दिला नाही, त्यांचे उपकार मोठे आहेत.

लग्नापासून हे मला, आमच्याकडे बायकोला सलगीनं म्हणतात तसं, 'वं' लावून हाक मारायचे. आजारानंतर मी 'बाई'च होते. गेल्या आठवड्यात कपडे वाळत घालत असताना स्वयंपाकघरातून आवाज आला, "मिठाचा डबा कुठं ठेवला वं?"

हाक ओळखीची होती. तरी वळून बघायला मला थोडा वेळ लागला.