सासूबाईंनी मासे सोडले तेव्हा

लॉकडाऊन लागल्यावर काही महिन्यांनी सासूबाईंनी मासे खाणं सोडलं, आणि घरात कुणीही त्यांना कारण विचारलं नाही.

आमच्या पनवेलच्या कोळीवाड्यात अशा गोष्टीचं कारण विचारत नाहीत. बाईनं काही सोडलं म्हणजे ती देवीला बोललेली असते, आणि नवस फिटेपर्यंत बाकीच्यांनी गप्प राहायचं. मी पुण्याकडची, शाकाहारी घरातली सून. मला हे लग्नानंतर शिकावं लागलं. शिवाय त्या दिवसांत कारण उघडच होतं. माझा नवरा उरणकडे बंदरावर कामाला, आणि बंदर काही बंद झालं नव्हतं. आई लेकासाठीच बोलल्या असणार. तोही फोनवर मित्रांना अभिमानानं सांगायचा, "आयनं माज्यासाठी मासली सोरली." जन्मभर मासळी विकलेली बाई वरणभातावर आली, याचं आम्हाला केवढं कौतुक! मी तर मनातून खूशच होते. घरात निदान एक माणूस माझ्या बाजूला आलं.

पुढे वरणभातही कमी होत गेला. बाजार बंद झाल्यावर ही बाई खंगणारच, असं शेजारणी म्हणाल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी दारातूनच विचारपूस करून पित्ताच्या गोळ्या दिल्या. चव नाही, भूक नाही म्हटल्यावर कोरोनाची टेस्ट केली. रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा नवऱ्यानं पेढे आणले. तेव्हा माणसाला एकच आजार होऊ शकत होता, आणि तो आईंना नव्हता. आमचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या लाटेत नवऱ्याला कोरोना झालाच. तो बरा होऊन घरी आला त्या आठवड्यात धाकट्या नणंदेनं मोठा जिताडा मासा आणून कालवण केलं.

"आये, दादा बरा झाला. नवस फिटला तुजा. आता खा," ती म्हणाली.

आईंनी एक घास घेतला, ताटावरून उठल्या आणि मोरीत जाऊन ओकल्या. मग तिथेच भिंतीला टेकून बसल्या.

"कसला नवस? मी कुनाला काय बोलले नाय. मना मासलीचा वासच सोसत नाय, कवापासना."

पोटात दुर्बीण घालून तपासलं. जठराचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत पोचलेला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की मांसमासळी नकोशी होणं ही या आजाराची सुरुवातीची खूण असू शकते, आणि लॉकडाऊननंतर बरेच पेशंट असेच उशिरा येताहेत.

घरी आल्यावर मी आईंना स्पष्टच विचारलं, "आम्ही नवस समजतोय हे तुम्हाला कळत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"समोरची म्हातारी आपल्या पायानं चालत दवाखान्यान गेली व्हती," त्या म्हणाल्या. "परत आली नाय. पोरांनी तोंड पन नाय बघलं तिचं. मना तसं नव्हतं जायाचं."

आई घरीच गेल्या. तोवर निर्बंध उठले होते. लेकींनी आपल्या हातांनी आंघोळ घातली, नवी साडी नेसवली, सगळा कोळीवाडा दारात लोटला आणि ज्यानं त्यानं त्यांचं तोंड पाहिलं. त्यांना हवं होतं तसं सगळं झालं. मी पाया पडायला वाकले तेव्हा रडू येण्याआधी राग आला. शेवटी आपली माणसं जवळ असावीत, एवढ्यासाठी या बाईनं दुखणं लपवलं! नंतर तो राग कुणावर काढायचा तेच कळेना. त्या तेव्हा बोलल्या असत्या, तर "चला दवाखान्यात, आम्ही आहोत ना तुमच्याजवळ" असं म्हणायची सोय आमच्यापैकी एकालाही नव्हती.