चौदा पॅस्ट्या आणि सासूबाईंची मुरड

शाकाहारी व्याही पहिल्यांदा घरी येणार, त्याच दिवशी घरात खिमा करणारा माणूस मूर्ख असतो, असं माझ्या बायकोचं मत आहे. तिच्या असंख्य मतांपैकी हे एक मी आता लेखी मान्य करतो आहे.

झालं असं, की आमचा निखिल शिकायला इंग्लंडला गेला आणि तिथे त्याला पादरा गावची हेतल भेटली. (आमच्या बडोद्याहून पादरा अर्ध्या तासावर. पण मुलांना जवळचा रस्ता कधी सापडलाय?) दोघांनी लग्नाचं मनावर घेतलं आणि एका रविवारी हेतलचे आईवडील, रमेशभाई आणि कोकिलाबेन, पाचच्या चहाला आमच्याकडे येतील असं ठरलं. त्यांच्या घरात कधी अंडंही शिरलेलं नाही. आमच्याकडे रविवारी मटण शिजलं नाही, तर शेजारी तब्येतीची चौकशी करून जातात! हेतलनं निखिलला आधीच सांगून ठेवलं होतं, "पप्पांचं मन मोडून मी लग्न करणार नाही." म्हणजे सगळं त्या एका चहावर होतं.

"मी ढोकळा करते," सुनीती, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"पादऱ्याच्या माणसाला ढोकळा? अगं, काहीतरी वेगळं नको का? पॅस्टी करू!"

पॅस्टी म्हणजे इंग्लंडमधल्या खाणकामगारांची करंजी. मैद्याची जाड पारी, आत कच्चा बटाटा, कांदा, मांस आणि तिकडचा एक पिवळा सलगम, आणि हे सगळं तळायचं नाही, भाजायचं. निखिलनं फोनवर कृती सांगितली होती. मुलांची ओळखसुद्धा म्हणे पॅस्टीच्या दुकानासमोरच झाली. (हेतल अर्थातच बटाट्याची घ्यायला उभी होती.) यापेक्षा शुभ पदार्थ कुठला? मी उत्साहाच्या भरात रमेशभाईंना फोन करून सांगूनही टाकलं, "बाहेरचं काही नाही हं! सगळं घरचं. मी स्वतः करणार!"

"बटाट्याच्याच करायच्या," सुनीतीनं बजावलं.

"त्यांना बटाट्याच्या. आपल्याला खिम्याच्या. आज रविवार आहे."

"अहो, एक रविवार खिमा नाही खाल्ला तर जीव जाणार आहे का तुमचा?"

मी चाळीस वर्षं कारखान्यात मालाची तपासणी करण्यात घालवली आहेत. दोन प्रकारचा माल एकमेकांत मिसळू न देणं हेच माझं काम! मी तिला माझी व्यवस्था समजावून सांगितली. दोन सुऱ्या, दोन पोळपाट, दोन ताटं. खिम्याच्या सात पॅस्ट्यांना कडेनं हातानं मुरड घालायची. बटाट्याच्या सात पॅस्ट्यांची कड कातण्यानं फिरवून कापायची, मुरड नाही. आंधळ्यालाही ओळखू येतील!

साडेतीन वाजता चौदा पॅस्ट्या तयार झाल्या. खिम्यात चवीला बटाटा आणि कांदाही घातला होता, कृतीबरहुकूम. सलगम न मिळाल्यानं दोन्हीकडे सुरण. मी ओव्हन तापत ठेवला आणि विजयी मुद्रेनं अंघोळीला गेलो.

इथे माझ्या सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. वय ब्याऐंशी, मुक्काम आमच्याकडे, आणि करंजीच्या मुरडीत त्यांचा हात धरणारं माणूस बडोद्याच्या अख्ख्या मांडवी भागात नव्हतं. दिवाळीत लोक त्यांना घरी बोलावून घेत. माझ्या व्यवस्थेत दोन सुऱ्यांचा विचार होता, सासूबाईंचा नव्हता.

अंघोळ करून आलो तर सासूबाई हात धूत होत्या.

"दिलीपराव, सात करंज्या तुम्ही तशाच सोडल्या होत्या! पारी एवढी जाड, नुसत्या कातण्यानं कड धरते होय? फुटल्या असत्या. मी मुरड घालून टाकली."

"सातही?"

"सातही. आणि तुमच्या त्या दुसऱ्या सातांची मुरड अगदीच ओबडधोबड होती, तीही सारखी केली. सुकत होत्या हो सगळ्या! मग एका परातीत घातल्या आणि वर ओलं फडकं टाकलं."

"परात कुठाय?" मी ओटा धुंडाळत विचारलं.

"सुनीतीनं ओव्हनमध्ये लावल्या सगळ्या."

सुनीती मोगरा घेऊन बाहेरून आली होती, तिनं ओव्हन तापलेला बघितला आणि मदत केली होती. बायको न सांगता मदत करते असे दिवस वर्षातून दोन येतात. त्यातला एक हा!

ओव्हनमधून चौदा पॅस्ट्या बाहेर आल्या. सोनेरी, खुसखुशीत, एकासारखी एक. कारखान्यात असा माल आला असता तर मी बक्षीस दिलं असतं. मी टूथपिक घेऊन एकीला टोचलं. टोकाला बटाटा आला. हुश्श! दुसरीला टोचलं. बटाटा. तिसरीला, चौथीला, आठवीला... बटाटा! तेव्हा आठवलं, की बटाटा मीच सगळ्यांत घातला होता.

"फोडूनच बघतो," मी म्हणालो.

"बघून काय करणार?" सुनीती शांतपणे म्हणाली. ती शांत झाली की मला जास्त भीती वाटते. "एका हातानं मुरडल्यात, एका परातीत एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. ओळखल्यात तरी त्यांना कशा देणार?"

"त्यांना कुठे कळणार आहे?"

हे वाक्य मी बोललो. त्याची मला अजून लाज वाटते.

"त्यांना नाही कळणार," ती म्हणाली. "तुम्हाला कळेल. आणि हेतल उद्या या घरात येऊन तुम्हाला बाबा म्हणणार आहे."

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "पण मुरड छान बसलीये, नाही?"

तेवढ्यात बेल वाजली. पाचला दहा कमी! बेसनाचा डबा उघडायलाही वेळ नव्हता.

रमेशभाई आत आले ते नाक वर करूनच. "केटली सरस सुगंध आवे छे!"

"बेसो ने, बेसो," मी म्हणालो. माझ्या हातात टूथपिक होतं.

"लावो त्यारे! तमारा विलायती घूघरा चाखीए," कोकिलाबेन हसून म्हणाल्या. घूघरा म्हणजे आपली करंजी. सासूबाई कौतुकाच्या अपेक्षेनं सरसावून बसल्या.

माझा जन्म बडोद्यातला. गुजराती मी झोपेतही बोलतो. पण त्या क्षणी तीन भाषांतून मिळून मला एक वाक्य जुळेना. शेवटी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. खिमा, कातणं, मुरड, परात, ओलं फडकं. माझा हट्टही सांगितला. "तुम्हाला द्यायला आमच्या घरात आत्ता फक्त चहा आहे," असं म्हणून मी थांबलो. निखिलचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आपल्या जिभेपायी आपण मुलाचं लग्न घालवलं, हे मला स्वच्छ कळलं.

रमेशभाईंनी बायकोकडे बघितलं. कोकिलाबेननं पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि तिच्यातून चांगला चार कप्प्यांचा डबा काढला.

"चिंता न करो, वेवाई. हुं थेपलां लावी छुं."

"म्हणजे?" वेवाई, म्हणजे व्याही, ऐकून मी गोंधळलोच.

"हेतले कह्युं हतुं, निखिलना पप्पा जाते बनाववाना छे. एटले साथे लई जजो."

म्हणजे, निखिलचे पप्पा स्वतः रांधणार आहेत, तेव्हा सोबत डबा न्या, असं सांगून माझ्या सुनेनं, अजून सून व्हायच्या आतच, इंग्लंडात बसून माझ्या स्वयंपाकाचा अचूक अंदाज बांधला होता! सुनीती इतकी हसली की चहा उतू गेला. मग आम्ही सगळ्यांनी थेपले आणि कैरीचा छुंदा खाल्ला, मीही खाल्ला, आणि खरं सांगतो, इतका हलका मी कित्येक दिवसांत झालो नव्हतो. कोकिलाबेननं तर सासूबाईंना मैद्याचा गोळा घेऊन मुरड शिकवायला बसवलं.

निघताना रमेशभाईंनी माझा खांदा धरून मला बाजूला घेतलं. "छोकरो अमने पसंद छे. तमे साचुं बोल्या, ए पण पसंद पड्युं. पण वेवाई, एक शर्त छे."

मी म्हटलं, "बोला! हॉल तुमचा, मुहूर्त तुमचा."

"लग्नमां रसोडुं अमारुं. तमे फक्त बेसजो." म्हणजे स्वयंपाकघर त्यांचं, मी फक्त बसायचं.

"आणि लग्नानंतर माझं!" स्वयंपाकघरातून सुनीती ओरडली.

आमच्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांनी घातलेली ही एकमेव अट. तीही मुलाला नाही, मला.