कमरेचा पाऊच

प्रवासात घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये असतात. वर पोटाचं छप्पर असल्याने ते सुरक्षित राहतात, असं बायको म्हणते.

लेकीकडे परदेशी निघालो होतो. विमानतळावर आमच्यापुढे काही मुली होत्या. शिक्का झाला की प्रत्येकीचा पासपोर्ट त्यांच्याबरोबरचा माणूस परत घेई आणि हातातल्या गठ्ठ्याच्या रबर बँडखाली सरकवी. मागे भिंतीवर इंग्रजी पाटी होती.

"मावशी, काय लिहिलंय?" एकीने बायकोला विचारलं.

"तुमचा पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात आहे का? मग सावध राहा. बायका पळवून विकतात, म्हणून जगभरच्या देशांनी कायदा केलाय."

मुलगी हसली. "आमचे साहेब ठेवतात. आमच्याकडून हरवतील ना!"

घरी मीही अगदी हेच सांगतो.

बायको तडक अधिकाऱ्याकडे गेली. त्याने संगणकात पाहिलं. "काकू, त्यांचे कागद बरोबर आहेत."

मुली निघाल्या. मघाच्या मुलीने वळून आम्हाला हात हलवला. रिकामा हात.

बायकोने माझ्यापुढे हात धरला. "माझा द्या."

मी काढून दिला. अजूनही पाऊच उघडताना बोटांना रबर बँड लागल्यासारखा वाटतो.