शेठचं दंतशास्त्र

ज्या विषयातलं काडीचंही कळत नाही, त्या विषयावर शेठचा आवाज सगळ्यात मोठा लागायचा. करावे गावात माझा दाताचा दवाखाना त्यांच्याच गाळ्यात. त्यामुळे रोज सकाळी अंघोळ करून, गळ्यात सोन्याची जाड साखळी घालून ते माझ्या पेशंटच्या सोफ्यावर येऊन बसत. बापाच्या शेतावर इमारत उभी राहिली, एवढंच त्यांचं कर्तृत्व. पण दातांवर बोलायला ते त्यांना पुरत होतं.

कॅप हा त्यांचा खास विषय. "रूट कॅनल झाला म्हंजे दात मेला. मेलेल्याला टोपी कशाला?" असं ते ऐकवत आणि लोक माना डोलवत. आत मी घसा कोरडा करून सांगायची, की रूट कॅनल केलेली दाढ ठिसूळ होते, कॅप नसली तर एक दिवस उभी चिरते. इंजेक्शन देऊन दाढ चारी बाजूंनी थोडी घासायची, माप घ्यायचं, काही दिवस तात्पुरती कॅप, मग पक्की चिकटवायची. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तरी निम्मे पेशंट कॅपच्या वेळेला फिरकत नसत.

शेठची स्वतःची दाढही रूट कॅनलनंतर तशीच उघडी राहिली. पुतण्याच्या हळदीला मटणाची नळी फोडायला गेले आणि दाढ फुटली. मुळापर्यंत चिरलेली ती दाढ मला काढावी लागली. तोंडात कापसाचा बोळा असतानाही हा माणूस गप्प बसेना. "तुजा कामच कच्चा हाय, डाक्तरबाय," म्हणाले. माझा तिळपापड झाला.

दाढ गेल्याच्या रागात शेठनी बायकोची कॅप बंद केली. काकूंचं रूट कॅनल मी नुकतंच पुरं केलं होतं. "आमचे घरान आता कोनाला टोपी नको," म्हणत शेठ त्यांना घेऊन निघाले. मी मागून एवढंच सांगू शकले, की काकू, त्या बाजूने चावू नका. ती दाढ आता हातची गेली, असं मी धरून चालले.

मनाने मात्र शेठ वाईट नव्हते. गाळ्यात पाणी शिरलं, तेव्हा माझं एक्स-रे मशीन त्यांनीच खांद्यावर घेऊन वर नेलं. जिना चढताना ते कसं चालवायचं, हेही मला शिकवलं.

मग बऱ्याच वर्षांनी, मागच्या थंडीत, शेठ हार्ट अटॅकने गेले. तेरावं झाल्यावर काकू एकट्याच दवाखान्यात आल्या. "आता घाला टोपी," म्हणाल्या. मी तोंडात आरसा घालून पाहिलं. दाढेला एक चीरही नव्हती. मला खरं वाटेना.

"तुमी बोललेल्या ना, त्या बाजूनं चावू नको. नाय चावला."

"इतकी वर्षं? शेठ काही बोलले नाहीत?"

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"रोज समोर बसून जेवाचे. त्यांना कदी कललाच नाय."